पेटीचं कुलूप

घरात नुकताच आणलेला न्यूट, पालीसारखा दिसणारा पाण्यातला जीव, चौथ्याच दिवशी मलूल झाला, तेव्हा श्रद्धाला सासूचाच संशय आला. “असली पाल घरात नाय ठेवायची,” असं इंदूबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. नळाच्या पाण्यातलं औषध त्याला बाधतं, म्हणून श्रद्धा बादलीत दिवसभर उघडं ठेवलेलंच पाणी काचेच्या पेटीत ओतायची. तरी तो सुकतच चालला होता. शेवटी तिने खालापूरहून पेटीसाठी कुलूप आणलं आणि कामाला निघाल्याचं दाखवून ती मागच्या दाराने परतली. इंदूबाई पेटीतलं पाणी उपसून नळाचं भरत होत्या. “आई, सापडलात!” श्रद्धा कडाडली. सासूबाई ओशाळल्या. “रागावू नको गं. आपन शिळं पानी पितो का? मग मुक्या जीवाला तरी कशाला? तुला टाइम नाय, म्हणून रोज ताजं भरते.” श्रद्धाने मुठीतलं कुलूप ओढणीआड लपवलं.