एकसारख्या बरण्या

चहाचा पहिला घोट तोंडात गेला आणि लेकीने तो तसाच सिंकमध्ये थुंकला. मीठ! कालच्या चहातही मीठच होतं.

"आई, हे तू मुद्दाम करतेयस."

आई खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. "चुकलं गं," एवढंच म्हणाली.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकलं म्हणजे काय? ओट्यावर काचेच्या बरण्या रांगेत उभ्या होत्या. सगळ्या एका उंचीच्या, एका झाकणाच्या, आणि प्रत्येकीवर तिने सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लावली होती. लोकांची घरं आवरून देणं हा तिचा धंदा. "प्रत्येक वस्तूला जागा आणि प्रत्येक जागेला नाव," हे तिचं वाक्य गिऱ्हाइकं एकमेकांना ऐकवत. आणि तिच्या सख्ख्या आईचं घर म्हणजे नुसता उकिरडा! कोणी पाहिलं असतं तर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

म्हणून ती सुट्टी काढून आली होती. आईला विचारत बसलं तर चमचासुद्धा हलणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. परवा तिने आईला शेजारणीकडे बसवलं आणि पदर खोचला. बोळकांडीत मधोमध एक स्टूल पडलेलं असायचं. दर भेटीला ती त्याला ठेचकाळायची. ते माळ्यावर गेलं आणि भिंतीला लागून नवं कपाट आलं. न्हाणीघराच्या कडीला बांधलेली चिंधी कचऱ्यात गेली. मिठाचा पोचे पडलेला डबा आणि साखरेचा रबर गुंडाळलेला डबा भंगारात. शेगडीच्या बटणावर मेणाचा एक थेंब घट्ट बसला होता, तो तिने सुरीने खरवडून काढला आणि बटण चकचकीत केलं. वर्तमानपत्रांचा गठ्ठा तर जसा आला तसा, घडीसुद्धा न मोडलेला. "वाचेन गं सावकाश," म्हणून आईने जपून ठेवलेला. तो रद्दीत.

संध्याकाळी आई परतली तेव्हा कौतुकाचा एक शब्द नाही. दारातून आत आली, बोळकांडीत थबकली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली. म्हणाली काय, तर "माझं स्टूल कुठंय?" घर आरशासारखं झालेलं, आणि हिला ते लंगडं स्टूल हवं! तेव्हापासून बाईसाहेब खुर्ची धरून बसल्या त्या बसल्याच. उठल्याच तर नव्या कपाटावर गुडघा आपटून घ्यायच्या आणि लेकीला ऐकू जाईल असं कण्हायच्या.

बरं, ही काही अडाणी बाई नव्हे. जन्मभर वाचनालयात नोकरी केलेली. असंख्य पुस्तकांच्या पाठीवर हिने स्वतःच्या हाताने चिठ्ठ्या डकवल्या होत्या. एक पुस्तक भलत्या फळीवर ठेवलं म्हणून लेकीला लहानपणी पाठीत धपाटा बसला होता. तो तिच्या अजून लक्षात होता.

"मला शिस्त लावलीस ती तूच ना?" ती कडाडली. "मग आता तुला काय धाड भरलीय? दोन दिवस राबले मी इथे. आणि तू मला खारट चहा पाजतेस?"

"मी कुठे म्हटलं होतं राब म्हणून?"

"बस्स झालं! सामान बांधते तुझं. आजच माझ्याकडे चल. मीठ आणि साखर कळेनाशी झाली, उद्या शेगडी पेटती ठेवून झोपशील. तुला मी इथे एकटीला ठेवणार नाही."

आईचा चेहरा पडला. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले. "मी इथून हलायची नाही. माझं एकटीचं उत्तम चाललं होतं."

"त्या पसाऱ्यात?" लेकीने ओट्यावरची एक बरणी उचलली आणि आईच्या हातात कोंबली. "वाच. काय लिहिलंय ते वाचून दाखव, मग राहा खुशाल."

आईने बरणी दोन्ही हातांत धरली. झाकणावरून अंगठा फिरवला. कडेने बोटं नेली, बरणी फिरवून तळाशी नेली, पुन्हा झाकणावर आणली. सगळं गुळगुळीत. मग चिठ्ठीवर बोट टेकवून मान ताठ केली आणि वर्गातल्या हुशार मुलीसारखी ठणकावून म्हणाली, "साखर."

बरणी उलटी धरलेली होती. चिठ्ठीवर ठळक अक्षरात 'मीठ' लिहिलेलं होतं आणि ते डोक्यावर उभं होतं.

लेकीने आईकडे पाहिलं. आई तिच्या खांद्याच्या पलीकडे, रिकाम्या भिंतीकडे तोंड करून उत्तराची वाट पाहत होती.

"आई... कधीपासून?"

आईने बरणी मांडीवर ठेवली.

"सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी मला उचलून नेलं असतंस. म्हणून नाही सांगितलं. लावून घेतलं सगळं माझ्या हाताला. स्टुलाला पाय लागला की न्हाणीघराकडे वळायचं. बोटांना पोचे लागले की मीठ, रबर लागलं की साखर. मेणाचा थेंब वर आला की शेगडी बंद." तिचा आवाज चढत गेला. "जन्मभर लोकांसाठी फळ्या लावल्या मी! माझं घर मला लावता येत नव्हतं होय? एका शब्दाने विचारायचं होतंस!"

लेक खाली बसली. तिने आईचा हात धरायला हात पुढे केला. आईला तो दिसला नाही.

"परवापर्यंत," आई म्हणाली, "या घरात मला सगळं दिसत होतं."