मांजर आडवी गेली

"परत आलात?" मी विचारलं.

आमचे हे बूट काढून पुन्हा खुर्चीत बसले, पाणी प्यायले. कारखान्यात शंभर माणसं ह्यांना घाबरतात, आणि फाटकाशी एक भटकी मांजर आडवी गेली की हे शेपूट घालून घरात!

"रोज आडवी जाते अवदसा. आज तिचं बिऱ्हाडच उचलतो," म्हणत काठी घेऊन ते तिच्या मागे निघाले. मांजर कुंपणावरून पेरूवर, पेरूवरून झरोक्यातून आमच्याच माळ्यावर शिरली. हे शिडी लावून चढले, तर ह्यांच्या लग्नातल्या फेट्यात चार पिल्लं झोपली होती. मांजर नुसती फिसकारली आणि ह्यांच्या हातातली काठी खाली पडली.

शिडी धरून मी म्हटलं, "अहो, ती रोज आपल्या घरी येते. आडवे जाता ते तुम्ही."