दाव्यावरचा लॅपटॉप

बाळांनो, जरा डोळ्यांपुढे आणा. मुरबाडमधलं एक दुकान आहे. साल दोन हजार आठ. टेबलावर एक लॅपटॉप उघडा आहे आणि त्याच्या पडद्यावर निळा समुद्र हलतो आहे. तुमचं नाव राही, वय दहा. तुमच्या मुठीत आजोबांचं बोट आहे. आता बघा काय होतं ते.

"आबा, हाच घे ना!" राही म्हणाली.

लॅपटॉप तिच्या आईला, सरस्वतीला, सोमवारी लागणार होता. एका संस्थेनं तिला कामावर घेतलं होतं. घरी बसून अहवाल लिहायचे आणि एसटीनं गावोगाव जाऊन बायांना बाळंतपणातल्या काळजीच्या फिल्म दाखवायच्या. अट एकच होती, लॅपटॉप स्वतःचा हवा. सरस्वतीची शाळा सातवीत सुटली होती. दहावी-बारावी तिनं लग्नानंतर बाहेरून केली. ही तिची पहिली नोकरी. आणि लॅपटॉप घेऊन देत होते तिचे सासरे, महिपत आबा. स्वतःच्या चपलेला तिसऱ्यांदा टाके घालून घेणारे आबा! त्यांना हे कसं सुचलं, घरात कुणालाच कळलं नव्हतं.

"ताई, वजनाला हलका आहे," दुकानदार शेखर शेजारी उभ्या सरस्वतीला म्हणाला. "प्रवासाला एक नंबर. कालच पेटी फोडली."

आबांचं निम्मं आयुष्य म्हसा गावच्या जत्रेत बैल पारखण्यात गेलं होतं. त्यांनी समुद्राकडे पाहिलंच नाही. लॅपटॉपमधून भिंतीकडे गेलेली काळी वायर तेवढी पाहिली.

"दाव्याला बांधलाय तवर कुनी बी उभा ऱ्हातो," ते म्हणाले. "दावं सोड रे."

शेखर हसला. "आजोबा, हा बैल नाय."

"मग तू कशाला भितोस? सोड."

दुकानातली दोन गिऱ्हाइकंही हसली. राहीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं आबांचं बोट ओढलं. पण आबा वाकले आणि त्यांनी स्वतःच वायर उपटली.

समुद्र गेला. पडदा काळा झाला.

"बॅटरी नवी आहे ना," शेखर घाईघाईनं म्हणाला. "आधी आठ तास चार्ज करावी लागते."

आबांनी लॅपटॉप पालथा केला. खाली रबराचे चार पाय होते. त्यातले दोन झिजून सपाट झाले होते.

"खूर बघ. हा लई चाललाय. वरून पुसून तुकतुकीत केलाय."

आता कुणी हसलं नाही. शेखरच्या कपाळावर घाम आला. "चुकून पुढे आला असंल," तो पुटपुटला. "थांबा, आतून सीलबंद पेटी आणतो." तो मागच्या खोलीत गेला.

राहीची मान ताठ झाली. तिनं आबांचं बोट पुन्हा धरलं. आपल्या आबासारखा आबा दुसऱ्या कुणाला नाही! "आबा, तुला कसं रे कळलं?"

आबा त्या पालथ्या लॅपटॉपकडेच बघत होते.

"मी बी असाच एक इकलाय, पोरी. म्हातारा बैल व्हता. शिंगांवरच्या वयाच्या वळ्या तासल्या, तेल चोळलं, नि जवान म्हणून जत्रेत उभा केला. गिऱ्हाइकानं शिंगं बघितली. खूर बघायचे इसरलं."

राही हसणार होती. तेवढ्यात तिचं लक्ष आईकडे गेलं. सरस्वती टेबलाची कड धरून उभी होती.

"मामा," तिनं सासऱ्यांना विचारलं, "त्याच्या डाव्या कानाला चीर व्हती?"

आबांनी पालथा लॅपटॉप सुलटा केला.

"मामा, चीर व्हती का?"

"व्हती." आबांनी मान वर केली नाही. "सौदा दलालानं केला. मी लांब उभा व्हतो. तुझ्या बापानं मला बघितला नाय, सरस्वती. मी त्याला बघितला."

चिरलेल्या कानाचा बैल! राहीला तो माहीत होता. शेणवे गावच्या आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी, तो आणला होता. भातखाचराच्या पहिल्याच चिखलणीत तो खाली बसला, तो उठलाच नाही. त्या वर्षी आईचं दप्तर खुंटीला लागलं आणि आई लोकांच्या शेतात लावणीला जाऊ लागली. आईनं ही गोष्ट कितीदा सांगितली होती. प्रत्येक वेळी राहीला त्या बैलाचा राग यायचा. आज कळलं, बैलाचा काहीच दोष नव्हता.

शेखरनं नवी पेटी आणून टेबलावर ठेवली. तिची चिकटपट्टी फोडलेली नव्हती. आबांनी मोकळ्या हातानं ती सुनेपुढे सरकवली.

"घे, पोरी. तुझंच हाय."

सरस्वतीनं हात पुढे केला नाही. "माझ्या बाबांना हे ठाऊक हाय?"

"नाय."

"मी एवढी वर्षं तुमच्या घरात हाय, मामा."

आबांनी पेटी आणखी थोडी पुढे सरकवली. शेखर आधी पेटीकडे, मग दाराकडे बघत राहिला.

राहीनं आबांचं बोट सोडलं. टेबलाच्या टोकाला दुकानाचा फोन होता. शेणव्याचा नंबर तिला पाठ होता, दर रविवारी तीच तो लावायची. ती चवड्यांवर उभी राहिली. तिनं एकेक आकडा दाबला आणि पलीकडून ओळखीचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली.

"आजोबा, फोन ठेवू नका," ती म्हणाली. "आबाला तुमाला कायतरी सांगायचंय."

आणि तिनं रिसीव्हर आबांच्या हातात दिला.