जांभळी टोपी

एकोणतिसाव्या दिवशी नागसेन पुन्हा दिसला. विहिरीच्या काठाला, जांभळ्या पिसाची टोपी घालून, गप उभा. सांगलीच्या नेट कॅफेत बसलेला जयराज पडद्याजवळ सरकला. नागसेन कावीळ होऊन गेला त्याला तीन महिने झाले होते, आणि कॉम्प्युटरवरच्या खेळातलं त्याचं बाहुलं दर महिन्याला असं येऊन उभं राहत होतं. जयराजने ‘कोण आहे?’ म्हणून लिहिलं. ते तसंच उभं. अर्ध्या तासाने बाहुलं नाहीसं झालं.

त्या टोपीने तलवारीला धार येत नव्हती की आयुष्य वाढत नव्हतं. नुसती मिरवायची चीज! पण नव्याण्णव सालच्या त्या खेळात तशा दोनच टोप्या उरल्या होत्या, एक नागसेनची, एक जयराजची. नाताळात दोघांनी शेजारी बसून मिळवलेल्या. पाचगणीच्या बोर्डिंगमधला एक पैसेवाला पोरगा जयराजच्या टोपीला पाचशे देत होता. जगात एकच उरली, तर दहा हजार. आणि एव्हाना एकच उरायला हवी होती, कारण महिनाभर न उघडलेलं नाव खेळवाले त्याच्या चीजवस्तूंसकट पुसून टाकत. जयराजने जुन्या मोटरसायकलचा सौदासुद्धा ठरवून ठेवला होता. दोस्त गेल्याचं दुःख होतंच हो. पण तो दिवस मोजायचा, मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि मग परत मोजायचा.

भूतबीत काही नाही, कुणीतरी पासवर्ड चोरलाय, असं मनाला बजावत पुढच्या महिन्यात तो नेमका एकोणतिसाव्या दिवशी एसटीने साताऱ्याला गेला. नागसेन जिथे खेळायचा त्या नानासोंच्या कॅफेत. चोराला चांगला दम भरायचा, असं ठरवूनच आत शिरला.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपुढे आबा बसले होते. नागसेनचे वडील. तीस वर्षं लोणंदच्या रेल्वे फाटकावर झेंडी घेऊन उभा राहिलेला माणूस, दोन्ही हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत होता. नागसेनच्या वहीत पासवर्ड सापडला होता. नाव पुसलं जाईल असं नानासोंनी सांगितल्यापासून आबा दर महिन्याला यायचे. नानासो खेळ उघडून द्यायचे, आबा अर्धा तास नुसतं बघत बसायचे.

‘आबा, ह्यात काही नाही, सोडा आता.’ एवढं म्हटलं की झालं. आबांनी ऐकलंही असतं. जयराजच्या अगदी ओठावर आलं होतं.

आबांनी हाताला धरून त्याला शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

“बरं झालं आलास. तुला ठावं असंल,” ते हळूच म्हणाले. “ह्येला खाली बसवायचं कसं रं? चार म्हैनं झालं, उभाच हाय. पाय भरून आलं असत्याल त्येचं.”