कॉलेजपुरती

"खरं सांगा दाभोळकर सर, तुमची ही पॉइंट गार्ड आमच्या व्यावसायिक संघात टिकेल?" बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात निवड करणाऱ्या बाईंनी विचारलं.

तीन वर्षं सरांनीच रेवतीला घडवलं होतं. तिचे पास अचूक असत, पण बचावाला परतताना पायांचा वेग कमी पडे. दुसऱ्या वर्षीच सरांना ते कळलं होतं, तिला सांगायचं मात्र राहून गेलं होतं.

"कॉलेजपुरती चांगली आहे," ते म्हणाले. आपलाच आवाज त्यांना परका वाटला. बाईंनी यादीतलं नाव खोडलं.

रेवती उत्तरार्धही जीव तोडून खेळली. सामना जिंकून ती सरांसमोर आली.

"कळवते म्हणाल्या," सर खाली बघत म्हणाले.

"मध्यंतरात मी मागेच उभी होते, सर," ती म्हणाली. "उद्या सराव साडेसहालाच ना?"