सुताचे बोळे

“अगं, गातेस की शेजारणीला हाक मारतेस?” शाळेतल्या हुल्याळकर बाईंचा तो आवाज अजून कानात आहे. बाईंची तरी काय चूक? आमच्या इचलकरंजीच्या घरात स्वयंपाकघराला लागूनच वडिलांचे, म्हणजे अण्णांचे यंत्रमाग. त्यांच्या खडखडाटात चिमूटभर मीठ मागायचं तरी आरोळी ठोकावी लागे. असा घडलेला गळा घेऊन मी रॉक गायिका व्हायला निघाले होते.

पहिला कार्यक्रम गल्लीच्या गणपतीपुढं. गिटारवाल्यानं तार छेडली, मी तोंड उघडलं आणि पुढच्या रांगेतल्या बायकांनी, मागावर काम करताना घालतात तसे, सुताचे बोळे कानात घातले. दुसऱ्या गाण्याला मंडळाचे अध्यक्ष हात जोडून म्हणाले, “ताई, एखादी गवळण येत नाही का?” तिसऱ्या गाण्याला गणपती उठून गेला नाही, एवढंच. स्पीकरला खेटून अण्णा तेवढे बसून होते. माझ्या गाण्याबद्दल बरं-वाईट एक अक्षर त्यांनी कधी काढलं नव्हतं, आणि मला तर तेच एक अक्षर हवं होतं.

घरी येताना खांबावरच्या दिव्याखाली थांबून मीच म्हणाले, “बास झालं, अण्णा. उद्यापासनं मागावर येते.”

मी बोलत असताना त्यांनी माझे ओठ नीट निरखले. मग म्हणाले, “कान गेलेत माझे, पोरी. तुझ्या आईलाबी बोललो न्हाई. भजनाला नुसती मान हलवतो. आज तुझं गाणं तेवढं ऐकू आलं. फुडच्या वेळेला आणखी जरा मोठ्यानं म्हण.”