सल्ला रविवारच्या पुरवणीतला

देवाशप्पथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं असेल तर माझी कवळी चारचौघांत गळून पडो.

हेमांगी रविवारच्या पुरवणीत लोकांच्या संसाराला सल्ले द्यायची. गावभराचं ऐकायची, पण घरात नवऱ्यानं तोंड उघडलं की म्हणायची, “थांबा हो, इथं कुणाचं तरी घर मोडायला आलंय.”

एका रविवारी मुरलीधर भरलेली पिशवी आणि पुरवणी घेऊन दारात उभा राहिला.

“आता कुठं निघालात?”

“अक्काकडे, इचलकरंजीला. तूच लिहिलंयस ना, बायको ऐकत नसेल तर महिनाभर बहिणीकडे जाऊन राहा.”

हेमांगीनं कपाळाला हात लावला. “अहो, ते कुठल्याशा कैदाशिणीच्या नवऱ्याला लिहिलंय.”

“ते पत्र माझंच होतं.”

तिनं पिशवी हिसकावून घेतली, त्याला खुर्चीत बसवलं आणि समोर बसली. “बोला. ऐकतेय.”

दोघांचा चहा गार झाला, तरी तो बोलतच होता.

आता कवळी वाचवायची म्हणून सांगते, पत्र त्यानं लिहिलं ही तेवढी थाप. माझ्या लेकाला वाण्याची यादी लिहायचासुद्धा कंटाळा. पत्र मी लिहिलं, पिशवीही मीच भरली.